खोटा ताळा

आमच्या शाळेत गणिताच्या तासाला फळा कुणी उगाच पुसत नसे. एका मुलाने उदाहरण सोडवलं की दुसऱ्याने उठून त्याचा ताळा करायचा, म्हणजे आलेलं उत्तर मूळ उदाहरणात घालून ते जमतं का ते पाहायचं. जमलं तर खाली ‘ताळा केला’ असं लिहून स्वतःचा हजेरी क्रमांक टाकायचा आणि मगच डस्टर उचलायचं. उदाहरण चुकलं तर सर सोडवणाऱ्यावर रागावत नसत. ज्याने न पाहता ताळा लिहिला, त्याला मात्र ते तास संपेपर्यंत फळ्याशेजारी उभं करत. माझा क्रमांक सतरा होता. पाच वर्षांत मी एकदाही फळ्याशेजारी उभा राहिलो नाही आणि याचा मला पुष्कळ दिवस अभिमान होता.

शाळा काटोलपासून आठ किलोमीटरवरच्या गावात होती. माझे वडील काटोलच्या फळबाजारात संत्री निवडायचे. फळ हातात घेतल्याबरोबर त्याचा आकार ओळखून ते बरोबर ढिगात टाकायचं, हे त्यांचं काम. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मी गेलो तो या सरांमुळे. बारावीचा निकाल लागल्यावर वडिलांना वाटत होतं की आता पोरगा बाजारात हिशेबाला बसेल. सर घरी आले, ओट्यावर बसले आणि वडिलांना म्हणाले, “हा नागपूरले जाईन. तुमी फक्त नाही म्हनू नका.” वडील नाही म्हणाले नाहीत.

त्या सुट्टीत सरांनी मला एक वही दिली. चाळीस पानं, प्रत्येक पानावर मधोमध रेघ. डाव्या बाजूला मराठी शब्द, उजव्या बाजूला इंग्रजी शब्द आणि त्याचा उच्चार देवनागरीत. त्रिज्या, अक्ष, छेदक, सदिश, प्रमेय. सगळं त्यांच्या हातचं. शेवटच्या पानावर दोन वाक्यं होती: प्राध्यापकांना प्रश्न पुन्हा सांगा असं इंग्रजीत कसं म्हणायचं, आणि मला समजलं नाही असं कसं म्हणायचं. पहिलं वर्ष मी त्या वहीवर काढलं. दुसरं वाक्य मी वर्गात कधी वापरलं नाही. तेवढं धाडस झालं नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे मी जे केलं त्याचं मूळ या उपकारांत आहे. सबब म्हणून सांगत नाही.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो, तेव्हा सर नुकतेच निवृत्त होऊन नागपुरात राहायला आले होते. त्यांच्या मुलाने बेसाला फ्लॅट घेतला होता आणि स्वतः नोकरीसाठी पुण्याला गेला होता. तेव्हा बेसाला इमारती कमी आणि आखलेले प्लॉट जास्त होते. मी दर दुसऱ्या रविवारी सरांकडे जायचो. वर्गात ते पुस्तकी मराठी बोलत, घरी आमचीच बोली. एकदा त्यांनी विचारलं, “तिथं काय शिकवून राहिले तुमाले?” मी फुशारकीने माझी सापेक्षतेची वही त्यांच्याकडे ठेवून आलो. महिन्याभराने त्यांनी निरोप पाठवून बोलावलं.

गेलो तर टेबलावर चार फुलस्केप पानं होती. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, पोहे आणि वर चण्याच्या तिखट रश्शाची तर्री आणून ठेवली.

“घे नं गा बाबू, लाजू नको,” त्या म्हणाल्या. “हे महिनाभर जेवायले उठत नाहीत वेळेवर. तू काय देऊन गेला यायले काय माहीत.”

सर हसले. “त्यानं गणित देल्लं मले. दुसरं काय देईन?” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “हे पाह्य. ते सूत्र फुटते.”

कोणतं सूत्र, ते थोडक्यात सांगतो. एक माणूस फलाटावर उभा आहे, दुसरा भरधाव गाडीत. फलाटावरच्या माणसाने एखाद्या घटनेची जागा आणि वेळ टिपली, तर गाडीतल्या माणसाला त्याच घटनेची जागा आणि वेळ काय दिसेल हे काढायची सूत्रं आहेत. जुन्या पद्धतीत वेळ बदलत नाही. फलाटावर दहा सेकंद तर गाडीतही दहा. सापेक्षतेत बदलते. गाडीतली वेळ काढायची असेल तर फलाटावरच्या वेळेतून वेग गुणिले अंतर वजा करायचं आणि जे उरेल त्याला वेगावर ठरणाऱ्या एका संख्येने गुणायचं. अंतर मोजायचं ते प्रकाश एका सेकंदात जितका जातो त्या मापाने.

सरांनी गाडीचा वेग प्रकाशाच्या सहा दशांश घेतला होता, कारण मग ती गुणायची संख्या बरोबर सव्वा येते. सवायकी, म्हणजे सव्वाचा पाढा, त्यांना तोंडपाठ होती.

“आता पाह्य. फलाटावरचे दहा सेकंद घे. गाडी सुटली तवा एक दिवा लावला. त्याचा उजेड दहा सेकंदात दहा अंतर गेला. सूत्रात घाल. दहातून सहा गेले, चार. चार सव्वे पाच. गाडीतले सेकंद किती? पाच. बरोबर?”

“हो सर.”

“आता तेच दहा सेकंद. पन उजेड सोड, गाडीतल्या माणसाचीच जागा घे. तो दहा सेकंदात सहा अंतर गेला. दहातून तीन पूर्णांक सहा गेले, सहा पूर्णांक चार. त्याचे सव्वापट आठ. गाडीतले सेकंद आठ.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “एकाच दहाचे एकदा पाच, एकदा आठ. सूत्र एक, वेग एक, दहा तेच. आता सांग मले, याले गणित म्हनतात का?”

मी पान पाहत राहिलो. आकडेमोड बिनचूक होती. चूक आकड्यांत नव्हतीच. पहिली घटना दहा अंतरावर घडली होती आणि दुसरी सहावर. त्या दोन वेगळ्या घटना होत्या. सूत्राला वेळ आणि जागा दोन्ही लागतात. सरांनी जागा बदलली आणि वेळ तीच आहे म्हणून घटना तीच धरली. त्यांच्या मनात दहा वाजले की सगळीकडे दहाच वाजतात.

हे मला पोहे संपायच्या आत दिसलं. पुरतं दिसलं नसलं तरी इथे काहीतरी आहे एवढं नक्की दिसलं. परत येताना शहर बसमध्ये मी ते तिकिटाच्या मागे करून पाहिलं आणि उरलेली शंकाही गेली.

पण त्याआधी घरातच ती गोष्ट होऊन गेली होती. सरांनी चौथं पान माझ्यापुढे सरकवलं. खाली त्यांनी लिहून ठेवलं होतं, ‘ताळा केला’, आणि पुढे जागा कोरी होती.

“कर सही. तू शिकलेला. तुह्याशिवाय कोन पाहीन हे?”

मी म्हणू शकलो असतो की सर, मी घरी नेऊन पाहतो. एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी ‘बरोबर वाटतंय सर’ म्हणालो आणि सतरा लिहून सही केली. सरांनी काकूंना हाक मारली. “पाह्यलं का वं? यानं ताळा केला.” काकूंनी आणखी तर्री वाढली.

पुढच्या रविवारी जाऊन खरं सांगायचं असं मी ठरवलं होतं. पुढच्या रविवारी माझी परीक्षा होती. त्याच्या पुढच्या रविवारी मी गेलो, तेव्हा चार पानांची अकरा पानं झाली होती.

त्यानंतर बारा वर्षं गेली. मी प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा पास झालो आणि नागपुरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवायला लागलो. अजूनही तासिकाच आहे. उन्हाळ्यात आमची नोकरी संपते आणि पावसाळ्यात पुन्हा अर्ज करायचा. या बारा वर्षांत सर रोज सकाळी सहाला टेबलाशी बसत आणि अकरापर्यंत लिहीत. इंग्रजी पुस्तकं शब्दकोश घेऊन वाचत. गतीची जुनी सूत्रं, फलाटाचा आणि गाडीचा असे दोन निर्देशकव्यूह, एकातून दुसऱ्यात जाण्याचे नियम, हे सगळं त्यांनी स्वतः पुन्हा मांडलं. अनेक पानं उत्तम होती. पण सगळ्याचा पाया तीच पाच आणि आठची ओळ होती. मी गेलो की ते नवं पान दाखवत आणि मी नव्या पानातला हिशेब बरोबर आहे असं सांगत असे. त्या पानापुरतं ते खरंही असे. खोटं न बोलता खोटं टिकवायची ही रीत मला चांगली जमली होती.

गेल्या वर्षी त्यांनी पुस्तिका छापली. चोवीस पानं. त्यांची सत्तरी पूर्ण होणार होती आणि आमच्या शाळेच्या नागपुरात राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांचा सत्कार ठरवला होता. शाल, श्रीफळ आणि मग पुस्तिकेवर सरांचं व्याख्यान. व्याख्यानाची प्रस्तावना मी करायची, असं सरांनीच सुचवलं. पुस्तिका त्यांनी शाळांना आणि कॉलेजांना आधीच टपालाने पाठवल्या होत्या. आमच्या कॉलेजातही एक आली.

आमचे विभागप्रमुख स्टाफरूममध्ये ती हातात घेऊन बसले होते.

“या, या सतरा नंबर,” ते म्हणाले.

मला क्षणभर कळलं नाही. त्यांनी शेवटचं पान उघडून मोठ्याने वाचलं. ‘ताळा केला, हजेरी क्रमांक सतरा.’ पुढे माझं नाव, माझी पदवी आणि कॉलेजचं नाव छापलेलं होतं. सरांनी मला विचारलं नव्हतं. फळ्यावरच्या उदाहरणाखालचा क्रमांक वहीत उतरवताना कुणी विचारतं का?

“काय भाऊ, तुमच्या गुरुजीनं तर सारी सापेक्षताच उडवून टाकली. आन् तुम्ही वरून ठप्पा मारला. वा रे वा! एम.एस्सी.ले हेच शिकले का?”

सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं अजून मला माझ्या तोंडावर जाणवतं.

मग मी विचारलं, “सर, चूक कोणत्या ओळीत आहे?”

“अरे यार, चूक काय शोधायची त्याच्यात? चूकच आहे सारं.”

“पण कुठे?”

त्यांनी पानं चाळली. पुढे गेले, मागे आले. “हे काय, नवव्या पानावर आहे काहीतरी. वर्ग काढला तिथं गडबड आहे.” नवव्या पानावर काही नव्हतं. चूक सहाव्या पानावर होती आणि ते त्या पानावरून दोनदा गेले होते. वीस वर्षं कायम नोकरीत असलेला हा माणूस दर वर्षी हीच सूत्रं फळ्यावर लिहितो. ती बरोबर आहेत हे त्याला पुस्तकाने सांगितलं आहे, म्हणून तो सरांना हसू शकतो. सरांनी निदान आकडे घालून पाहिले होते. हे मला तिथे बोलायचं होतं. बोललो नाही, कारण पुढच्याच महिन्यात कायम जागेची मुलाखत होती आणि समितीत तेच बसणार होते.

बाहेर पडताना त्यांनी खांद्यावर हात ठेवला. “हे पाहा, मी मनावर नाही घेत. पण बाहेरचे तज्ज्ञ येतात. त्यांच्या हाती हे पडलं तर मी काय बोलू? काहीतरी करा बुवा.”

त्या रविवारी मी बेसाला गेलो.

आता तिथे रिकामा प्लॉट दिसत नाही. सर गॅलरीत व्याख्यानाचे मुद्दे काढत बसले होते. काकू आत भाजी निवडत होत्या. मी बसलो आणि सरळ म्हणालो, “सर, सहाव्या पानावर चूक आहे.”

त्यांनी चष्मा वर केला. “छापाईची?”

“नाही सर. गणिताची.”

ते रागावले नाहीत. हे मला आधी कळायला हवं होतं. चूक दाखवली म्हणून ते कधीच कुणावर रागावले नव्हते. त्यांनी आलेख कागद काढला आणि पेन्सिल माझ्यापुढे केली. “दाखव.”

सूत्राबद्दल त्यांच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. त्यांची बारा वर्षांची उत्तरं तयार होती. मी त्यांचंच गणित काढलं. अकरावीला त्यांनी आम्हाला अक्ष फिरवायला शिकवलं होतं.

“सर, दोन बिंदू घ्या. एकाचं आडवं अंतर दहा, उभं दहा. दुसऱ्याचं आडवं सहा, उभं दहा.”

त्यांनी खुणा केल्या.

“आता अक्ष फिरवा. कोनाची कोज्या आठ दशांश, ज्या सहा दशांश. नवीन उभं अंतर काढा.”

त्यांची पेन्सिल चालली. “आठातून सहा गेले, दोन. दुसऱ्याचे आठातून तीन पूर्णांक सहा गेले, चार पूर्णांक चार.”

“दोघांचं जुनं उभं अंतर दहाच होतं ना सर? मग एकाच दहाचे एकदा दोन आणि एकदा चार पूर्णांक चार कसे आले?”

“येतीनच. बिंदू वेगळे हायेत. आडवं अंतर बदललं की...”

ते तिथे थांबले. पेन्सिल कागदावर टेकलेली तशीच राहिली. सूत्रात चिन्हाचा फरक आहे, सापेक्षतेतलं फिरवणं अगदी असं नसतं, हे मला सांगायचं होतं. पण त्याची गरज उरली नव्हती. त्यांनी पुस्तिका ओढली, सहावं पान काढलं, ‘दहा’वर बोट ठेवलं, मग आलेखावरच्या उभ्या दहावर ठेवलं. असं तीन-चार वेळा केलं.

“हे तर मी शिकवत होतो,” शेवटी ते म्हणाले. “तीस वर्सं शिकवलं. वेळ बी अक्षच हाये, हे माह्या ध्यानातच नाही आलं. घड्याळ म्हनजे घड्याळ, असंच धरून बसलो.”

मला वाटलं, झालं. बरं वाटायला लागलं होतं. मग त्यांनी पुस्तिका शेवटच्या पानावर उघडली.

“तुले कवा दिसलं हे?”

मी खाली पाहिलं.

“सांग ना गा. बोलून काहून नाही राहिला? आज दिसलं?”

“नाही सर.”

“मंग?”

“सही केली त्याच दिवशी. परत जाताना बसमध्ये तर पक्कं झालं.”

त्यांनी आतल्या भिंतीकडच्या कपाटाकडे पाहिलं. त्यात बारा वर्षांच्या वह्या होत्या.

“मले वाईट वाटीन म्हनून नाही सांगतलं?”

“हो सर. तुमचे उपकार...”

“उपकार!” पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. “मी तुले काय गुळाची भेली देल्ली होती का, का तू मले परत करशीन? मी तुले ताळा करायले शिकवलं. एवढंच शिकवलं मी जन्मभर.” मग अगदी हळू, “मंग आज काहून सांगून राहिला?”

व्याख्यानात तुमची फजिती होऊ नये म्हणून, असं म्हणता आलं असतं आणि ते अर्धं खरंही होतं. पण त्या दिवशी आणखी एक अर्धं खरं बोलण्याची ताकद माझ्यात नव्हती.

“पुढच्या महिन्यात मुलाखत आहे सर. कायम जागेची. पुस्तिका आमच्या कॉलेजात आली आहे. त्यात माझं नाव आहे.”

सरांनी मान हलवली. उदाहरणाचं उत्तर आल्यावर ते हलवत तशी.

“म्हनजे तवा माह्यासाठी सही केली. आता नोकरीसाठी खोडून राहिला. गनितासाठी तं तू दोन्ही खेपा काही नाही केलं.”

मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. मुद्दाम घेतले की खुर्ची सरकवताना मागे गेले, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

काकूंनी दाराशी गाठलं. त्यांनी आतून सगळं ऐकलं होतं. गणित त्यांना कळलं नसेल, पण बाकीचं कळलं होतं.

“बारा वर्सं सकाळी सहाले चहा मागून टेबलाशी बसत होते,” त्या म्हणाल्या. “मी म्हनो, बरं हाये, मानूस कामात हाये. पोरगा इथं नाही, शाळा सुटली. आता उद्या सहाले उठून काय करतीन ते? हे सांग मले, बाबू. तू तं लई शिकलेला हायेस.”

मी जिना उतरलो.

सत्कार ठरल्या दिवशीच झाला. मी न गेल्यास लोक विचारतील म्हणून गेलो आणि शेवटच्या रांगेत बसलो. प्रस्तावना दुसऱ्याच कुणीतरी केली. सरांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि माईकसमोर उभे राहिले. वर्गातलं पुस्तकी मराठी.

“आज मी माझ्या पुस्तिकेवर बोलणार होतो. पुस्तिकेच्या सहाव्या पानावर चूक आहे. तिच्यावर पुढची अठरा पानं उभी आहेत, म्हणून तीही चूक आहेत. ज्यांच्याकडे प्रती असतील त्यांनी त्या मला परत द्याव्यात. ताळा मी नीट केला नाही. एवढंच.”

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. सभागृहात कुणाला काय करावं कळेना. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी वाजवली, जसं कुठल्याही भाषणानंतर वाजवतात. माझ्या पुढच्या खुर्चीवर मिहानच्या एका कंपनीत इंजिनिअर असलेला आमच्या नंतरच्या तुकडीचा एक जण होता. तो मागे वळला.

“दादा, सतरा नंबर तुम्हीच ना? मागच्या पानावर तुमचंच नाव आहे. तुम्ही पाहिलं नव्हतं का?”

“पाहिलं होतं,” मी म्हणालो.

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. तो हसून पुढे वळला.

मुलाखत झाली. जागा दुसऱ्याला मिळाली. तो कोण असणार ते मुलाखतीआधीच सगळ्यांना माहीत होतं. पुस्तिकेचा विषयही निघाला नाही. समितीतल्या कुणी ती पाहिलीसुद्धा नव्हती. विभागप्रमुख नंतर म्हणाले, “पुढच्या खेपेले पाहू.” तासिकेचा अर्ज मी पुन्हा भरला.

सरांना मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा काकूंनी उचलला. पहिल्यांदा त्या म्हणाल्या की सर बाहेर गेले आहेत, सावनेरच्या शाळेत. दुसऱ्यांदा म्हणाल्या की उमरेडला गेलेत. पाठवलेली एकेक प्रत ते स्वतः जाऊन परत आणत होते. टपालाने मागवता आली असती. मी सोबत येतो असं मी काकूंना म्हणालो. त्यांनी फोनवरच आत विचारलं, म्हणजे सर त्या वेळी घरातच होते. मला पलीकडचा आवाज ऐकू आला नाही. काकू म्हणाल्या, “ते म्हनतात, तुले तास असतीन.”

ऑगस्टमध्ये एका दुपारी मी दुसऱ्या वर्षाला शिकवत होतो. निर्देशकव्यूहांचा धडा होता. तास संपल्यावर ग्रंथपालांनी मला हाक मारली. त्यांच्या टेबलावर परत दिलेल्या पुस्तकांचं रजिस्टर उघडं होतं.

“सर, एक म्हातारे गृहस्थ आले होते आत्ता. तुमच्याच विषयाची एक पातळ पुस्तिका होती, ती मागून घेतली. म्हणाले, मीच पाठवली होती, मीच नेतो. रजिस्टरमध्ये कारण लिहा म्हटलं तर हे लिहून गेले.”

कारणाच्या रकान्यात ते ओळखीचं अक्षर होतं. ‘गणित चूक. परत नेले.’ खाली सही आणि तारीख.

“केव्हा आले होते?”

“झाला असंल अर्धा तास. मी म्हटलं, सरांना बोलावू का, वर्गातच आहेत, बाजूलाच. तर म्हणाले नको, तास चालू आहे त्याचा. मग तुमच्या वर्गाबाहेर थोडा वेळ उभे होते. मले वाटलं तुमाले भेटूनच जातीन.” त्यांनी रजिस्टर मिटलं. “कोण होते? वडील का तुमचे?”

“नाही,” मी म्हणालो. पुढचा तास होता, म्हणून हजेरीपत्रक उचललं आणि गेलो.